पगार आहे, नोकरी नाही : अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा नवा हिशेब

१९ जानेवारी २०२६ च्या रात्री मायामीजवळच्या हार्ड रॉक स्टेडियममध्ये अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना झाला आणि इंडियाना विद्यापीठाने मायामी विद्यापीठाला २७-२१ असे हरवले. पडद्यावर दिसतो आहे तो त्या सामन्याच्या शेवटच्या सत्रातला क्षण. चार प्रयत्नांपैकी चौथा, म्हणजे अखेरचा प्रयत्न उरलेला असताना इंडियानाचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा चेंडू फेकण्याऐवजी स्वतःच घेऊन धावतो, आडवे आलेल्यांचे धक्के पचवतो आणि अंग झोकून देत गोलरेषा ओलांडतो. मेंडोझा आदल्या हंगामात इंडियानात नव्हता. तो बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळत होता. समोरच्या मायामी संघाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक आदल्या हंगामात जॉर्जिया विद्यापीठाचा होता. त्याच्या आदल्या वर्षीचा अंतिम सामनाही असाच होता : विजेत्या ओहायो स्टेटचा विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आलेला, तर पराभूत नोत्र दामचा रायली लेनर्ड ड्यूकमधून आलेला.

येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, आणि क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीची सुरुवात ज्याच्या हातून होते तो खेळाडू. संघातील हे सर्वांत मोलाचे स्थान आता वर्षावर्षाला भरले जाते आणि त्यासाठी उघडपणे पैसे मोजले जातात. दहा वर्षांपूर्वी ही गोष्ट नियमाने शक्य नव्हती. ती शक्य कशी झाली आणि विद्यापीठांचे संघ तिला तोंड कसे देत आहेत, हे आपण पाहणार आहोत.

जुनी व्यवस्था समजून घेण्यासाठी १९५५ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी कोलोरॅडोतील फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन या खेळाडूच्या डोक्याला मार बसला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कॉलेज क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्यानंतर कित्येक दशके याच भूमिकेवर आपला कारभार उभा केला. खेळाडू हा आधी विद्यार्थी आहे, त्याला शिष्यवृत्ती मिळेल, राहण्याजेवण्याचा खर्च मिळेल, पण मोबदला मिळणार नाही, आणि कॉलेज बदलायचे असेल तर सर्वसाधारणपणे एक पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागेल.

नियम मोडणाऱ्यांना शिक्षाही तशीच कडक असे. टेक्सासमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या देणगीदारांनी खेळाडूंना चोरून पैसे दिल्याचे उघड झाल्यावर एनसीएएने १९८७ चा त्यांचा संपूर्ण हंगामच रद्द केला. १९८८ मध्ये विद्यापीठाने स्वतःहून संघ उतरवला नाही. त्या संघाला सावरायला कित्येक वर्षे गेली. गंमत अशी की त्याच विद्यापीठाने २०२४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटात, प्रवेश मिळवण्यासाठी नऊ वर्षांच्या प्रक्षेपण उत्पन्नावर पाणी सोडले, ती कसर श्रीमंत देणगीदारांच्या बळावर भरून काढली आणि पहिल्याच वर्षी राष्ट्रीय प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीची बाद फेरी, गाठली. पूर्वी ज्या पैशासाठी फासावर लटकवले गेले, त्याच पैशाला आता नियोजन म्हणतात.

बदल टप्प्याटप्प्याने आले, आणि बहुतेक न्यायालयांतून आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल सुरू झाले. नावात दरवाजा असला तरी पोर्टल म्हणजे संगणकावरची एक यादी आहे. कॉलेज सोडू इच्छिणारा खेळाडू आपल्या विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाला तसे लेखी कळवतो. कार्यालयाने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव यादीत घालायचे असते. नाव दिसू लागले की देशभरातील प्रशिक्षकांना त्याच्याशी बोलण्याची मुभा मिळते. त्याआधी प्रशिक्षकाकडे परवानगी मागावी लागे, आणि प्रशिक्षक ती अडवूही शकत असे. २०२१ मध्ये खेळाडूंना एकदा कॉलेज बदलून लगेच मैदानात उतरण्याची सवलत मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील एका संघीय न्यायालयाने दुसऱ्या बदलीवरचे निर्बंधही थांबवले, आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने नियमच बदलून टाकला. अभ्यासात पात्र असलेला खेळाडू आता कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो आणि त्याला एकही सामना बाहेर बसावे लागत नाही.

पैशाचा दरवाजाही २०२१ मध्येच उघडला. त्या जूनमध्ये अल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. खटल्याचा विषय शैक्षणिक लाभांपुरता मर्यादित होता, परंतु न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतात एनसीएए कायद्याच्या वर नाही असे बजावले आणि पुढची दिशा सगळ्यांना कळून चुकली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा आणि ओळख यांच्या वापराबद्दल जाहिरातदारांकडून पैसे घेण्याची परवानगी मिळाली. पाहता पाहता प्रत्येक मोठ्या विद्यापीठाभोवती देणगीदारांचे ‘कलेक्टिव्ह’ उभे राहिले. कागदावर ते खेळाडूला एखाद्या कार्यक्रमात हजेरी लावण्याचे किंवा समाजमाध्यमावर चार ओळी लिहिण्याचे पैसे देत. प्रत्यक्षात ते संघात येण्याचे किंवा संघात राहण्याचे पैसे असत, हे सर्वांना ठाऊक होते.

या दोन दरवाजांचा एकत्र परिणाम काय झाला, हे मराठी प्रेक्षकाला आयपीएलच्या संदर्भात चटकन कळेल. आयपीएलमध्ये लिलाव आहे, प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा आहे, खेळाडू कराराने बांधलेला आहे. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये २०२१ ते २०२५ या काळात भाव होता, पण मर्यादा नव्हती; बोली होती, पण बांधून ठेवणारा करार क्वचितच होता. दर हिवाळ्यात संपूर्ण संघ नव्याने विकत घ्यावा लागेल अशी परिस्थिती आली. जानेवारी २०२५ मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या ओहायो स्टेटच्या क्रीडा संचालकांनी त्या संघावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचे आधीच जाहीरपणे सांगितले होते.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंना मोबदला नाकारल्याबद्दल एनसीएएविरुद्ध भरलेल्या हाउस खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली. हा खटला ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाउस याच्या नावाने ओळखला जातो. तडजोडीनुसार २०१६ पासूनच्या खेळाडूंना मागील नुकसानीपोटी सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे आहेत, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास आहे. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाची मर्यादा १२० कोटी रुपयांची होती. एक फरक मात्र लक्षात ठेवला पाहिजे : विद्यापीठाची रक्कम सर्व खेळांना मिळून आहे. तरीही मागील नुकसानीच्या वाटपात वापरलेल्या सूत्राचाच आधार घेऊन अनेक विद्यापीठांनी जवळपास तीन चतुर्थांश वाटा फुटबॉलला दिला, पुरुषांच्या बास्केटबॉलला सुमारे १५ टक्के, आणि उरलेल्यात महिलांच्या बास्केटबॉलसह बाकी सगळे.

येथून पुढे संघांचे दैनंदिन कामकाज बदलले. मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी आता ‘जनरल मॅनेजर’ बसतो. हे पद व्यावसायिक फुटबॉलमधले आहे. स्टॅनफर्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपलाच माजी क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला ते दिले. नॉर्थ कॅरोलायनाने व्यावसायिक लीगमधील नामवंत प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना आणले, आणि त्यांच्याबरोबर जनरल मॅनेजर म्हणून त्याच लीगमधले मायकल लोम्बार्डी आले. जनरल मॅनेजरच्या टेबलावर १०५ नावांचा तक्ता असतो, कारण तडजोडीने शिष्यवृत्त्यांची ८५ ची मर्यादा काढून टाकली आणि तिच्या जागी संघसंख्येची १०५ ची मर्यादा आणली. प्रत्येक नावापुढे स्थान, उरलेले हंगाम, चालू रक्कम, आणि हा खेळाडू सोडून गेला तर त्या जागी बाजारात काय भावाने मिळेल याचा अंदाज. क्वार्टरबॅक, त्याची पाठराखण करणारा लेफ्ट टॅकल आणि समोरच्या क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा पास रशर, या तीन स्थानांवर मोठी रक्कम खर्ची पडते. शाळेतून येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षे घडवण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात तयार झालेला बावीस वर्षांचा गडी घेणे स्वस्त पडते का, हा हिशेब दर आठवड्याला होतो. शाळकरी खेळाडूंच्या संधी त्यामुळे आटत चालल्या आहेत, अशी तक्रार शाळांतील प्रशिक्षक करतात, आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

इंडियानाचे उदाहरण या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखे आहे. कर्ट सिग्नेटी २०२३ च्या अखेरीस तेथे प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा संघाने त्या हंगामात बारापैकी तीन सामने जिंकले होते, आणि पराभवांच्या सर्वकालीन यादीत इंडियानाचे नाव अगदी वर होते. सिग्नेटींनी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातील तेरा खेळाडू सोबत आणले. ही मुले शाळेत असताना मोठ्या कॉलेजांच्या नजरेत भरलेली नव्हती, परंतु त्यांनी कॉलेजच्या मैदानावर काय केले आहे याची नोंद प्रशिक्षकाजवळ होती. पुढच्याच वर्षी संघाने अकरा सामने जिंकले, त्याच्या पुढच्या वर्षी सोळा. सर्वांत महाग खेळाडू घेण्यापेक्षा कोणता खेळाडू आपल्या पद्धतीत बसेल हे आधी ठरवून मग पोर्टलकडे पाहणे, ही त्यांची रीत. ज्याला पोर्टल म्हणजे केवळ पैशाचा खेळ वाटतो त्याने हा संघ अभ्यासावा.

टेक्सास टेकची रीत वेगळी, आणि तीही यशस्वी ठरली. लबक या पश्चिम टेक्सासातील शहरातल्या या विद्यापीठाच्या पाठीशी तेलउद्योजक कोडी कॅम्पबेल उभे आहेत. ते स्वतः तेथील माजी खेळाडू आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष. १ जुलै २०२५ पूर्वी कलेक्टिव्हने दिलेल्या रकमा नव्या मर्यादेत धरल्या जाणार नव्हत्या. ती तारीख उजाडण्याआधीच शक्य तेवढे पैसे देऊन टाकण्याची चलाखी अनेकांनी केली, टेक्सास टेकने ती मोठ्या प्रमाणावर केली. पोर्टलमधून आलेल्यांच्या जोरावर त्यांनी २०२५ मध्ये बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचे विजेतेपद इतिहासात प्रथमच पटकावले, आणि मग प्लेऑफमध्ये ऑरेगनविरुद्ध त्यांना एकही गुण करता आला नाही.

सगळ्यांनाच असे जमत नाही. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक निको इआमालेआवा वाढीव रकमेबाबत बोलणी चालू असल्याच्या बातम्यांदरम्यान सरावाला आला नाही. दुसऱ्या दिवशी संघाचा वसंत ऋतूतील प्रदर्शनीय सामना होता. प्रशिक्षक जॉश हायपेल यांनी त्याच दिवशी त्याच्याशिवाय पुढे जायचे ठरवले. आदल्या हंगामात टेनेसीला प्लेऑफपर्यंत नेणारा हा खेळाडू लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये गेला. तेथे काही महिन्यांपूर्वीच दाखल झालेला क्वार्टरबॅक जोई अग्विलार उठून टेनेसीत आला. व्यावसायिक लीगमध्ये याला अदलाबदल म्हणतात आणि त्यासाठी दोन्ही संघांच्या सह्या लागतात. येथे कोणाचीही सही नव्हती. यूसीएलएने त्या हंगामात फक्त तीन सामने जिंकले.

अशा प्रसंगांतून संघ शिकले ते कराराची कलमे लिहायला. आता बहुतेक मोठ्या विद्यापीठांचे करार मुदतीचे असतात, हप्ते महिन्यांनी विभागलेले असतात, आणि खेळाडू मध्येच गेला तर नव्या विद्यापीठाने किंवा त्याने स्वतः भरपाई द्यावी असे कलम असते. ते कलम न्यायालयात टिकते की नाही, याची परीक्षा चालू आहे. जॉर्जियाच्या क्रीडा संघटनेने मिसूरीला गेलेल्या एका खेळाडूकडून ३ लाख ९० हजार डॉलर मागितले. खेळाडूने उलट दावा ठोकला. विस्कॉन्सिनने तर आपला खेळाडू फितवल्याबद्दल थेट मायामी विद्यापीठालाच न्यायालयात खेचले. या साऱ्यात एजंटांचे फावते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडू संघटनेने एजंटाचा वाटा तीन टक्क्यांवर बांधून ठेवला आहे. कॉलेजमध्ये खेळाडूंची संघटनाच नसल्यामुळे बांधणारे कोणी नाही, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याहून कितीतरी मोठा वाटा द्यावा लागू शकतो.

पोर्टलच्या वेळापत्रकातही आवराआवर झाली आहे. पूर्वी हिवाळ्यात एकदा आणि वसंतात पुन्हा एकदा यादी उघडत असे, आणि एप्रिलमध्ये बसवलेला संघ मे महिन्यात विस्कटत असे. २०२६ पासून वसंतातील मुदत रद्द झाली आणि २ ते १६ जानेवारी एवढा एकच काळ उरला. अंतिम सामन्यातील दोन संघांच्या खेळाडूंना त्यानंतर पाच दिवसांची वेगळी सवलत मिळाली. प्रशिक्षकांनी या बदलाचे स्वागत केले, तरी गैरसोय पुरती टळलेली नाही. प्लेऑफचे उपांत्य सामने ८ आणि ९ जानेवारीला होते. म्हणजे एकीकडे राष्ट्रीय विजेतेपदाची तयारी करायची आणि दुसरीकडे पुढच्या वर्षाचा संघ विकत घ्यायचा, अशी दोन्ही कामे त्याच माणसांना त्याच आठवड्यात करावी लागली.

मग हा पैसा येतो कोठून? वरच्या थरातील विद्यापीठांकडे दूरचित्रवाणीचे उत्पन्न आहे. बिग टेन कॉन्फरन्सने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे करार केले. तरीही वर्षाला दोन कोटींचा नवा खर्च अंदाजपत्रकात बसवणे सोपे नाही. टेनेसीने २०२५ च्या हंगामी तिकिटांवर दहा टक्के ‘प्रतिभा शुल्क’ लावले आणि त्याला तेच नाव दिले, हा प्रामाणिकपणा म्हणायचा. केंटकीने आपला क्रीडा विभाग स्वतंत्र कंपनीच्या छत्राखाली नेला. युटाने खासगी गुंतवणूकदारांशी भागीदारीचा मार्ग धरला. कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये जलतरणाचा संघच बंद केला, आणि पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस या लहान विद्यापीठाने पहिल्या श्रेणीतून थेट तिसऱ्या श्रेणीत उतरण्याचा निर्णय जाहीर केला. याच काळात पराभूत प्रशिक्षकांना घरी बसण्यासाठी दिल्या जाणाऱ्या रकमा मात्र आटल्या नाहीत. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढताना साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे मान्य केले होते. खेळाडूंच्या पगारामुळे तिजोरी रिकामी झाली असे सांगणाऱ्यांनी हा आकडा आधी समजावून सांगावा.

महाराष्ट्रातून एम.एस. करण्यासाठी जाणारे कित्येक विद्यार्थी याच विद्यापीठांत शिकतात. सामन्याच्या शनिवारी वसतिगृहाभोवतीचे रस्ते बंद का होतात, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळते. ज्या विद्यापीठांना दूरचित्रवाणीचे मोठे उत्पन्न नाही, त्यांपैकी अनेक ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याच्या शुल्कात क्रीडा विभागासाठी एक रक्कम धरलेली असते, ती सामना पाहणाऱ्यालाही भरावी लागते आणि न पाहणाऱ्यालाही.

लहान विद्यापीठांच्या संघांचे दुखणे वेगळे आहे. त्यांनी शोधलेला आणि घडवलेला खेळाडू चांगला निघाला की मोठ्या विद्यापीठाकडे जातो; जेम्स मॅडिसनने ते एका दमात तेरा वेळा अनुभवले. खेळाडूंच्या बाजूनेही सारे गोड नाही. पोर्टलमध्ये नाव घातल्यावर जुने कॉलेज शिष्यवृत्ती थांबवू शकते, आणि नवे कॉलेज मिळेलच याची हमी नसते. दरवर्षी काही मुलांच्या हातून दोन्ही जाते. अभ्यासातील श्रेयांकही सगळे सोबत येत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पदवीचा ४० टक्के, चौथ्याच्या आरंभी ६० टक्के भाग पूर्ण हवा, या नियमाची सांगड तीन कॉलेजे बदललेल्या मुलाने कशी घालायची? आणि १०५ च्या मर्यादेमुळे ज्यांना कधीच पैसे मिळाले नव्हते, जे स्वखर्चाने केवळ हौसेने सरावाला येत, त्यांची नावे आधी कापली गेली. न्यायाधीश विल्कन यांनी एप्रिल २०२५ मध्ये याच मुद्द्यावर मंजुरी रोखून धरली होती. मग अशा खेळाडूंना मर्यादेबाहेर ठेवण्याची मुभा संघांना मिळाली, सक्ती मात्र झाली नाही. महिला खेळाडूंनीही मागील नुकसानीच्या वाटपाला १९७२ च्या समानता कायद्याच्या आधारे आव्हान दिले आणि त्यामुळे ते वाटप अडकले.

मर्यादा पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी कॉलेज स्पोर्ट्स कमिशन ही नवी संस्था स्थापन झाली. ६०० डॉलरवरील प्रत्येक बाहेरचा करार तिच्याकडे नोंदवावा लागतो आणि तो खरा जाहिरातीचा व्यवहार आहे की पगाराचेच दुसरे रूप, याची छाननी होते. जुलै २०२५ मध्ये, म्हणजे पहिल्याच महिन्यात, तिने कलेक्टिव्हचे करार नाकारण्याची भूमिका घेतली, आणि खेळाडूंच्या वकिलांनी हरकत घेताच ती सैल केली.

असे का व्हावे, याचे कारण कायद्यात आहे. व्यावसायिक फुटबॉलमधील वेतनमर्यादा न्यायालयात टिकते, कारण ती खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी बोलणी करून मान्य केलेली असते. कॉलेजांना मर्यादा हवी आहे, मुदतीचे करार हवे आहेत, बदलीवर निर्बंध हवे आहेत, पण ज्याच्याशी हे ठरवायचे त्या संघटनेला मान्यता नको आहे, कारण मान्यता दिली की खेळाडू कर्मचारी ठरतो. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल खेळाडूंनी संघटनेचा प्रयत्न केला होता. कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी मानले, आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय मंडळाने त्या प्रकरणात हात घालण्यास नकार दिला. त्यानंतर जे उभे राहिले ते सारे, जनरल मॅनेजर, भरपाईची कलमे, छाननीची संस्था, त्या एका प्रश्नाला वळसा घालूनच उभे राहिले आहे, आणि म्हणूनच त्यातील प्रत्येक नियम पुढच्या खटल्यापुरताच पक्का आहे, असे आमचे मत आहे.

विद्यापीठांचा भरवसा सध्या वॉशिंग्टनवर आहे. खटल्यांपासून संरक्षण देणारे आणि खेळाडूंना कर्मचारी ठरवण्यास मनाई करणारे विधेयक प्रतिनिधिगृहापुढे आले, परंतु डिसेंबर २०२५ मध्ये ठरलेले मतदान ऐनवेळी मागे घेतले गेले. टेनेसीचे क्रीडा संचालक डॅनी व्हाइट यांनी मात्र खेळाडूंशी सामूहिक बोलणी करावीत असे उघडपणे मांडले आहे. त्यांच्या मार्गातील अडचणही खरी आहे. कॉलेज फुटबॉलच्या बालेकिल्ल्यातील अनेक विद्यापीठे सरकारी आहेत, आणि नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यांत सरकारी कर्मचाऱ्यांशी सामूहिक करार करण्यास कायद्यानेच बंदी आहे. राज्यांचे कायदे बदलण्याची वाट पाहायला जनरल मॅनेजरांना सवड नाही : थेट वाटपाची मर्यादा दरवर्षी सुमारे चार टक्क्यांनी वाढायची आहे, आणि १ जुलै २०२६ पासूनच्या दुसऱ्या वर्षाच्या रकमा त्यांनी जानेवारीतल्या त्या पंधरवड्यातच बहुतांशी वाटून टाकल्या आहेत.